बाटलीतलं पाणी

१

गाडी स्टेशनात शिरत असतानाच इंजिनाच्या बॉयलरमधली एक नळी फुटली आणि वाफेचा लोट भट्टीच्या तोंडातून मागे आला. फायरमन तेव्हा कोळसा टाकत होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. ड्रायव्हरने कशीबशी गाडी फलाटाला लावली, फायरमनला खाली उतरवलं आणि स्टेशनमास्तरांना एवढंच म्हणाला, "तुमचं पाणी इंजिन खातंय."

इंजिन थंड झाल्यावर फुटलेली नळी बाहेर काढली. तिच्यावर पांढुरक्या, दगडासारख्या घट्ट थराचं अस्तर बसलं होतं. असा थर बसला की आगीची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, नळीचं लोखंड लाल होतं आणि एक दिवस फाटतं. थर पाण्यातल्या क्षारांचा होता, यात शंका नव्हती. ते क्षार पाण्यात आले कुठून, एवढाच प्रश्न होता, आणि त्यासाठी रेल्वेच्या प्रयोगशाळेने मला पाठवलं.

मी दुपारच्या मालगाडीच्या गार्डाच्या डब्यातून उतरले. हातात बाटल्यांची लाकडी पेटी. स्टेशनमास्तरांनी माझ्यामागे कोणी उतरतंय का ते पाहिलं.

"पाठवायला दुसरं कोणी नव्हतं?"

"होते. पण ते कामात होते."

"ठीक आहे," मास्तर म्हणाले. "तुम्हालाही फार काम नाही. माणूस सापडलाय."

पंपघराच्या मागे अर्धं रिकामं चुन्याचं पोतं मिळालं होतं. टाकीच्या शिडीला कुलूप असतं आणि किल्ली पंपवाल्याकडे असते. मास्तरांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि पंपवाल्याला कंदिलांच्या खोलीत कोंडलं. उद्या दुपारी मोठ्या साहेबांचं सलून, म्हणजे त्यांचा खास रेल्वेडबा, येणार होता. साहेब त्याला पोलिसांच्या ताब्यात देतील, आणि इंजिनांची शेड इथून हलवून वरच्या अंगाच्या जुन्या पेठेत नेतील, असं मास्तरांनी मला हिशेब सांगावा तसं सांगितलं.

"शेड गेली तर गावाचं काय?"

"कसलं गाव? गाव आहे म्हणून शेड नाही. शेड आहे म्हणून गाव."

मी पेटी उघडली. वरच्या कप्प्यात एक जुनी बाटली होती, बुचावर लाखेचं सील. रेल्वेने इथे ठाणं करायचं ठरवलं त्याआधी इथल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत आला होता, त्यातलं उरलेलं पाणी आम्ही नियमाप्रमाणे जपून ठेवतो. याच पाण्याच्या भरवशावर पंप बसला, टाकी उभी राहिली, शेड झाली.

यातलं थोडं पाणी मी निघण्यापूर्वी तपासून बाटलीला पुन्हा सील लावलं होतं. या पाण्याने नळीवर तसा थर बसणं शक्य नव्हतं. दहा वर्षांतही नाही.

२

आधी जेवायचं ठरवलं. रिकाम्या पोटी माणूस तपास करत नाही, घाई करतो.

गावात एकच रस्ता, स्टेशनपासून सुरू होऊन शेडपाशी संपणारा. घरांच्या भिंती रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांच्या आणि कच्च्या विटांच्या, पण दारं मात्र नक्षीची, जड, पितळी कड्यांची. एका झोपडीवजा घराला तर एवढं थोरलं दार होतं की घरच दाराला टेकून उभं असावं. जुन्या पेठेतून लोक आले ते आपापली दारं-खिडक्या उखडून घेऊन, असं नंतर कळलं. भिंती कुठेही बांधता येतात, चांगलं दार पुन्हा मिळत नाही.

रस्त्याच्या मधोमध मावशीची खानावळ. हे मात्र गावातलं सगळ्यात जुनं घर. इथे दोन वाटा एकमेकींना छेदून जात, तेवढंच होतं, तेव्हापासूनचं. अंगणात ती विहीर, जिच्यावर आता रेल्वेचा पंप बसला होता. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. पंपवाला तेवढा तिचा खरा भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा.

मी बाहेरच्या घंगाळातल्या पाण्याने हात धुतले. साबण हातावर फुटला. फेस नाही, नुसत्या करड्या गुठळ्या. पुसल्यावरही हात चिकट लागत होते.

मावशीने घेवड्याचं कालवण आणि पाव समोर ठेवला.

"तू ती बाटलीबाई ना?" ती म्हणाली. म्हणजे नाव माझ्याआधी जेवायला पोचलं होतं. "खा. उपाशी पोटी माझ्या भाच्याला फाशी देऊ नकोस."

"मी फाशी देत नाही हो. पाणी तपासते."

"मग पाण्यालाच दे."

घेवडा लोण्यासारखा शिजला होता. शेजारच्या टेबलावर किराणा दुकानदार जेवत होता. तो म्हणाला, "मावशीच्या हाताला चव आहे, बाई. आमच्या घरी सकाळी चुलीवर घेवडा ठेवला तर संध्याकाळी गोफणीतून मारता येतो. बायको माझ्या आईला विचारते, आई शेजारणीला विचारते. सगळ्यांचं तेच."

"तुमच्या बायका हात आखडून रांधतात," मावशी म्हणाली आणि त्याच्या ताटात पळीभर कालवण जास्त ओतलं. ती खुशीत होती, पण लक्ष ताटाकडे नव्हतं. कालवण ताटाच्या काठावरून सांडलं आणि तिने ते पुसलं नाही.

"मावशी, भाच्याने चुना टाकला असेल का?"

"त्याला साधं खोटं बोलता येत नाही. लहानपणी साखर खाल्ली की तोंड पुसायचा नाही." ती वळली. "मास्तरला विचार, त्या कंदिलांच्या खोलीला खिडकी तरी आहे का."

३

खिडकी होती. पंपवाला तिच्या गजांना धरून उभा होता, रॉकेलच्या वासाने डोळे लाल झालेले.

"चुना माझाच आहे," तो म्हणाला. "घर रंगवायला आणला. अर्धा लागला, अर्धा उरला. कुठे ठेवू? घरात ठेवला तर बायको म्हणते पोरगी हात घालेल. पंपघरामागे ठेवला. हे मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, सगळे चोर असंच म्हणतात."

"टाकीची किल्ली दुसऱ्या कोणाला दिली होती?"

"नाही. आता हो म्हटलं तर सुटेन का?"

"खोटं असेल तर नाही."

"मग नाहीच दिली." त्याने पंपघराकडे पाहिलं. "बाई, मी या पंपाला माझ्या पोरीपेक्षा जास्त वेळा तेल घातलंय. मी कशाला त्याच्या पाण्यात माती कालवू? शेड गेली तर पंप जाणार. पंप गेला तर मी कोण?"

मुद्दा बरोबर होता. या गावात पाणी बिघडवून फायदा होणारा माणूस शोधायचा तर तो असा हवा, ज्याचं शेड गेल्याने भलं होईल.

असा एक माणूस मास्तरांनीच सुचवला. किराणा दुकानदार. त्याचं जुन्या पेठेतलं मोठं दुकान अजून त्याच्याच ताब्यात होतं, नुसतं कुलूप लावलेलं. शेड तिकडे गेली की कुलूप काढायचं, बस.

दुकान म्हणजे चाकं काढलेला मालगाडीचा डबा होता. गावाची सुरुवात झाली तेव्हा स्टेशनही अशाच डब्यात होतं, आणि मास्तर रात्री त्यातच झोपत. दुकानदार गल्ल्यामागे साबणाच्या वड्या रचत होता, छतापर्यंत.

"जुनं दुकान का विकलं नाही?"

"घेणारा कोण? पेठ ओस पडलीये. घुबडं भाडं देत असती तर श्रीमंत झालो असतो." त्याने वड्यांची चळत सरळ केली. "आणि खरं सांगू का? इथे माझा धंदा तिथल्यापेक्षा चांगला आहे. तिथे महिन्याला जेवढा साबण खपायचा, तेवढा इथे आठवड्यात जातो. गाव लहान, पण लोक स्वच्छ."

मी दुकानदाराला संशयितांतून वगळलं. त्याच्या धंद्याचं कारण मात्र मनात टिपून ठेवलं. लोक इतके स्वच्छ नसतात.

४

संध्याकाळच्या आत मी मास्तरांना घेऊन टाकीवर चढले. पाण्यात चुना पडला असता तर तळाशी पांढरा गाळ साचला असता. मी लांब काठीने तळ खरवडला. गंज आला, शेवाळं आलं, एक बुडालेली चिमणी आली. पांढरा गाळ आला नाही.

"विरघळला असेल," मास्तर म्हणाले.

खाली आल्यावर मी पेटीतून आम्लाची कुपी काढली आणि स्टेशनच्या चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर एक थेंब टाकला. भिंत फसफसली. मास्तर दचकून मागे सरकले.

"ही चुन्याची खूण." मग मी बॉयलरच्या नळीवरचा थर घेतला आणि त्यावर थेंब टाकला. थेंब तसाच बसून राहिला, काचेवरच्या पावसासारखा. "हा थर चुन्याचा नाही. जिप्समचा आहे. हा क्षार जमिनीतल्या काही थरांत असतो. पाणी त्यातून झिरपलं की त्याला घेऊन येतं."

"म्हणजे पंपवाल्याने टाकीत जिप्सम टाकलं?"

"एवढा थर बसवायला रोज पोतंभर तरी न्यावं लागेल. शिडीने, खांद्यावरून, तुमच्या खिडकीसमोरून. तुम्ही पाहिलंत?"

मास्तरांनी आपल्या खिडकीकडे पाहिलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. गाव वाचत नाही हे त्यांनी मान्य केलं होतं, निदान कोणामुळे ते तरी कळावं असं त्यांना वाटत होतं.

मी विहिरीतून थेट पाणी काढलं. टाकीतल्या पाण्याइतकंच जड, क्षारांनी भरलेलं. मग टाकीशी कोणी काही केलंच नव्हतं. पाणी खालूनच तसं येत होतं.

आणि तरीही जुन्या बाटलीतलं पाणी मऊ होतं. मी तिचं सील फोडलं, नळीत थोडं पाणी घेतलं, साबणाच्या द्रावणाचे थेंब टाकून हलवलं. नळीभर फेस. विहिरीच्या पाण्यात तेवढेच थेंब टाकून हलवलं. करड्या गुठळ्या.

"एकाच विहिरीचं पाणी," मास्तर म्हणाले. "तेव्हा असं, आता असं. मग विहिरीतच कोणीतरी काहीतरी ओततंय."

"एवढ्या पाण्याला गाडीभर लागेल."

मास्तरांचा चेहरा उजळला. "गाडीवान!" ते म्हणाले. "रोज पहाटे पिंपं भरून टाकीजवळून जातो. आत काय आहे विचारलं तर सांगत नाही!"

५

गाडीवानाला राग असायला जागा होती. रेल्वे येण्यापूर्वी दोन्ही वाटांवरचा सगळा माल त्याच्या खेचरांवर चालायचा. मग त्याने जुन्या पेठेतून या गावाची सगळी दारं वाहून आणली. दारं लागली आणि त्याचं काम संपलं.

उजाडल्यावर मी शेडच्या कोपऱ्यावर उभी राहिले. गाडी डोंगराच्या बाजूने येत होती. दोन पिंपं, वर गोणपाट, खेचरं माना खाली घालून ओढत होती.

"काय आहे आत?"

"हे गाव मी या गाडीत घालून आणलं," गाडीवान म्हणाला. "आता गावच मला विचारतं गाडीत काय आहे."

"मी गावची नाही."

"म्हणून तर अजिबात सांगणार नाही."

त्याने गाडी थांबवली नाही, मीही चालत राहिले. चालताना दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, गाडी जड होऊन गावात येत होती. विहिरीत काही ओतून परतणारी गाडी हलकी असायला हवी. दुसरी, मागच्या पिंपाची एक फळी उकललेली होती आणि तिच्यातून ठिबकत होतं. डोंगराच्या वाटेवर मागे नजर जाईल तिथपर्यंत धुळीत ओल्या टिकल्यांची रांग दिसत होती. विहीर जवळ आली तरी टिकल्या तिकडे वळल्या नाहीत.

मी काचेची नळी पिंपाखाली धरली.

"ए बाई! हात लावायचा नाही!"

"पिंपाला लावलेला नाही. हे रस्त्यावर पडतंय."

नळी बोटभर भरली. साबणाचे थेंब टाकले, अंगठ्याने तोंड दाबलं, हलवलं. फेस नळीच्या तोंडापर्यंत आला.

गाडीवान त्या फेसाकडे पाहत राहिला. "ते सांगू नका कोणाला," तो एकदम हळू आवाजात म्हणाला. "मी शब्द दिलाय."

टिकल्यांची रांग खानावळीच्या मागे वळून थांबली. मावशीच्या मागच्या दाराशी.

६

स्वयंपाकघरात चुलीपाशी मातीचा मोठा रांजण होता, त्यावर झाकण, झाकणावर दगड. मावशी घेवडा निवडत होती. मी स्टुलावर बसले आणि तिच्यासमोर तीन नळ्या ओळीने ठेवल्या. एकीत तिच्या रांजणातलं पाणी, एकीत बाहेरच्या घंगाळातलं, एकीत जुन्या बाटलीतलं. तिन्हींत साबण टाकून हलवलं. पहिलीत आणि तिसरीत फेस. मधलीत गुठळ्या.

"एकाच घरात माझ्या हातावर साबण फुटतो आणि ताटातला घेवडा विरघळतो," मी म्हणाले. "जड पाण्यात कडधान्य शिजत नाही, मावशी. कोणाच्याही हाताने. साबणही खूप लागतो. गावात तसंच आहे, फक्त तुमची चूल सोडून. रोज डोंगरातून येणारं पाणी तुम्ही रांधायला वापरता आणि हात धुवायला विहिरीचं."

तिने निवडलेला दाणा पुन्हा न निवडलेल्यांत टाकला.

"डोंगराच्या पोटात झरा आहे," ती अखेर म्हणाली. "माझ्या नवऱ्याला सापडला होता. आटत नाही कधी. लोकांना सांगितलं असतं तर खानावळ कशी चालली असती? माझ्या हाताला काही चव-बिव नाही. बहिणीच्या होती. माझ्याकडे पाणी होतं." तिने नळ्यांकडे पाहिलं. "याचा आणि भाच्याचा काय संबंध?"

"या जुन्या बाटलीत तुमच्या झऱ्याचं पाणी आहे. रेल्वेला वाटतं ते विहिरीचं आहे. ही बाटली कोणी भरली?"

तिने बाटली हातात घेतली, उलटी-सुलटी केली. काचेत खाली एक बुडबुडा होता, त्यावर तिचं बोट थांबलं.

"मीच की," ती म्हणाली. "मोजणीवाले साहेब आले होते. ओसरीवर बसून चहा पीत होते, ऊन मी म्हणत होतं. माझ्याकडे बाटली दिली, म्हणाले, बाई, आमच्या वरच्या लोकांना इथलं पाणी दाखवायचंय, भरून द्या. मी बाटली राखेने घासली—"

"राखेने?"

"मग कशाने? तीनदा धुतली, आणि रांजणातलं भरलं."

"विहीर चार पावलांवर होती, मावशी."

"अगं, दाखवायचं म्हणाले ना! पाहुणे घरी येणार म्हटल्यावर तू फाटकी चादर अंथरशील का? या घरात पाहुण्याला विहिरीचं पाणी कधी दिलेलं नाही. माझ्या सासूने नाही दिलं, मी नाही दिलं. इंजिनाला पाजायचंय असं त्यांनी सांगितलं असतं तर सांगितलं असतं बाई, विहिरीचं घ्या म्हणून."

म्हणजे गुन्हा असा झालाच नव्हता. ज्याने पाणी तपासायला मागितलं त्याला उठून विहिरीपर्यंत जायचा कंटाळा आला. जिने दिलं तिने घरातलं सगळ्यात चांगलं दिलं. मग त्या बाटलीवर एक गाव उभं राहिलं. लोक दारं उखडून घेऊन आले, आणि पाणी जड आहे हे प्रत्येक चुलीला कळलं तरी रेल्वेच्या कागदावर ते उत्तमच राहिलं. बायकांना वाटलं आपला हात वाईट. दुकानदाराला वाटलं लोक स्वच्छ. मास्तरांना वाटलं पंपवाला.

"हे आज साहेबांपुढे बोलावं लागेल," मी म्हणाले. "नाहीतर तुमचा भाचा जाईल."

मावशीने पदराने हात पुसले. "बोलेन. झरा गेला तर गेला. पण तो मोजणीवाला साहेब ऐकून घेईल का?"

"त्यांचा काय संबंध? ते आता कुठे असतील कोण जाणे."

"अगं, तेच तर येतायत दुपारी. बढती मिळाली त्यांना. मोठे साहेब झालेत."

७

सलून फलाटाला लागलं. साहेब उतरले, स्थूल, घामाघूम, हातात टोपी. मास्तरांनी त्यांना चुन्याचं पोतं दाखवलं. मी त्यांना तीन नळ्या दाखवल्या. त्यांनी पोतं नीट पाहिलं, नळ्या ओझरत्या.

"नमुना मी स्वतः घेतला होता," ते म्हणाले. "याच विहिरीचा. बाई, तुमची काहीतरी गफलत होतेय. तुम्ही नव्या दिसता."

मी नवी होतेच. पुरावा माझ्याकडे होता, पण तो मान्य करायचा की नाही हे ज्याच्या हातात होतं, त्याचीच चूक त्यात होती.

मास्तर त्या नळ्यांकडे पाहत होते. मग ते खाकरले. "साहेब, टाकीच्या तळाशी चुना नव्हता. हे मी स्वतः पाहिलंय," ते म्हणाले. "आधी जेवून घ्या. मावशीकडे सोय केलीये."

ओसरी तीच होती. साहेब त्याच कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, सवयीने. मावशीने चहा आणला.

"तुमचा चहा मी अजून विसरलो नाही," साहेब म्हणाले. "सगळीकडे सांगतो." त्यांनी घोट घेतला आणि कपाकडे पाहिलं. वर तेलकट तवंग, खाली काळपट रंग. दुसरा घोट त्यांनी घेतला नाही. "काय झालंय याला?"

"तुमच्या इंजिनांना आवडत नाही ते पाणी आहे," मावशी म्हणाली. "विहिरीचं. या घरात पाहुण्याला पहिल्यांदाच दिलंय, माफ करा. मागच्या वेळी तुम्ही प्यालात तो झऱ्याच्या पाण्याचा होता. आणि तुमच्या बाटलीत भरलं तेही झऱ्याचंच. तुम्ही इथे बसला होतात. विहीर तिथे होती."

साहेबांनी विहिरीकडे पाहिलं. ओसरीतून ती हाताच्या अंतरावर असल्यासारखी दिसत होती. पंपाचा दांडा वर-खाली होत होता. मास्तर छताकडे पाहत होते. मला वाटलं, हा माणूस आता कप ठेवेल, उठेल आणि काही घडलंच नाही असं वागेल.

त्यांनी कप उचलला आणि तो चहा शेवटपर्यंत प्याला. तोंड वाकडं न करता.

"त्या पंपवाल्याला सोडा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "झरा टाकीपेक्षा उंचावर आहे की खाली?"

"उंचावर. सकाळी मी जाऊन पाहिलं, पाणी थोडं-थोडं येतं, पण अखंड येतं. नळ टाकला तर आपल्या उताराने टाकीत येईल, रात्रंदिवस. इंजिन दिवसातून काही वेळाच पितं. पुरेल."

"पंप लागणार नाही?"

हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

८

पुढच्या वर्षी नेहमीच्या तपासणीचा नमुना घ्यायला मी पुन्हा गेले. शेड जागेवर होती, तिच्या शेजारी दुसरी बांधत होते. फायरमनच्या हातांवर चट्टे राहिले होते, पण तो पुन्हा इंजिनावर होता. रस्त्याला आता एक गल्लीही फुटली होती आणि तिथल्या घरांना दारं घराच्या मापाची होती. नळ टाकताना गाडीवानाला पुन्हा काम मिळालं. डोंगरावर पाइप न्यायला खेचरंच लागतात. दुकानदाराचा साबण खपेना. त्याला वाटतं लोक आळशी झाले.

पंप गंजत उभा होता. पंपवाला आता झऱ्यापासून टाकीपर्यंत नळ तपासत चालतो, पाठीवर नट आवळायचे पाने आणि गळती बुजवायचं सामान. मी विचारलं, कसं चाललंय. म्हणाला, पंपाला निदान आवाज होता.

मावशीच्या ओसरीवर निम्मी टेबलं रिकामी होती. तिने वर दोन खोल्या बांधून प्रवाशांना राहायला द्यायला सुरुवात केली होती.

"आता सगळ्यांच्या घरी घेवडा शिजतो," ती म्हणाली. "पूर्वी एकट्या माझ्या हाताला चव होती. आता रस्त्यातल्या प्रत्येकीच्या आहे."

"राग येतो?"

"रविवारी येतो. रविवारी सगळे घरीच जेवतात." तिने माझ्या हातातली रिकामी बाटली घेतली. "दे, भरून आणते. राखेने घासत नाही, घाबरू नकोस."

ती दारातून आत गेली. मी हाक मारली, "मावशी, कुठलं भरणार?"

आतून नळाचा आवाज आला.

"आता दाखवायचं वेगळं आणि प्यायचं वेगळं राहिलंय कुठे?" ती म्हणाली.

तरीही मी उठले, आत गेले, आणि बाटली नळाखाली भरेपर्यंत तिच्याशेजारी उभी राहिले.